वाचा गेलेल्या माणसाचं डिप्रेशन: बोलणं परत येईपर्यंत थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही भांडुपला राहता, सासरे बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, सात महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. फिजिओने पाय बराच सुधारला, काठी घेऊन चालतात, पण बोलणं म्हणजे "हो हो", "ते... ते..." आणि मधूनच एकदम खणखणीत "पुढे चला". गेले दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून असतात, जेवण निम्म्यावर आलंय, स्पीच थेरपीला जायचं म्हटलं की चप्पलच घालत नाहीत, नातू जवळ आला की डोळे मिटून घेतात. नणंद म्हणते हट्टीपणा आहे, शेजारच्या काकू म्हणतात वय झालं आता. आणि तुम्ही विचारलंय की हे डिप्रेशन असेल का, आणि बोलायला लागले की आपोआप जाईल का.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, मुंबईत सरकारी आणि प्रायव्हेट दोन्हीकडे बरीच वर्षं झटक्यानंतर वाचा गेलेल्या लोकांबरोबरच काम केलंय. माझं सरळ मत सांगते, तुम्ही लिहिलेलं चित्र डिप्रेशनचंच वाटतं, तपासून दुसरं काही निघेपर्यंत तेच समजून चाला, आणि बोलणं येईल मग मूड सुधारेल असं म्हणून थांबू नका. बहुतेक घरांत नेमका उलटा क्रम लावलेला असतो, आधी वाचा मग मन, आणि त्यात सहा-आठ महिने निघून जातात. मन खचलेला माणूस थेरपीला येतच नाही, आला तरी वहीकडे बघत नाही, मग प्रगती नाही, मग अजून खचतो.

आधी बाबांना नक्की काय झालंय ते बघू, कारण यात खूप गैरसमज असतात. याला अफेजिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचा जो भाग असतो तिथे रक्तपुरवठा बंद पडला की शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, काहींना समोरच्याचं बोलणंही अर्धवटच कळतं, वाचणं लिहिणं पण अडकतं. पण अक्कल जात नाही, आठवणी जात नाहीत, माणसं ओळखू येतात, घरात आपल्याबद्दल काय चाललंय ते कळतं. संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर उभं राहिल्यासारखं समजा, गाडी समोर लागलेली दिसतेय पण गर्दीतून दारापर्यंत पोचता येत नाही, आणि मागून लोक म्हणतायत अहो चढा ना. आणि "पुढे चला" कसं काय येतं, तर वर्षानुवर्षं रोज हजारदा तोंडातून गेलेलं वाक्य, ते वेगळ्या वाटेने आपोआप बाहेर येतं. असंच आरती, आकडे मोजणं, देवाचं नाव आणि शिव्या पण येतात (शिव्या तर फारच स्पष्ट येतात, बायका बिचाऱ्या माझ्यासमोर लाजतात). घरच्यांना वाटतं म्हणजे बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत. तसं नाहीये. "पुढे चला" येणारा माणूस "पाणी द्या" म्हणू शकेलच असं नाही, आणि म्हणून हा हट्टीपणा आहे हे डोक्यातून आधी काढा आणि नणंदबाईंनाही सांगा.

आता हे किती कॉमन आहे. झटका आलेल्या साधारण तीनातल्या एकाला अफेजिया होतो. झटक्यानंतर डिप्रेशनही ढोबळमानाने तीनातल्या एकाला येतं. पण ज्यांची वाचा गेली त्यांच्यात हे प्रमाण बरंच वर जातं. २००० साली फिनलंडमधला एक अभ्यास आला होता, त्यात अफेजियाच्या पेशंटपैकी तीन महिन्यांनी ७० टक्के आणि वर्षाने ६२ टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या प्रमाणात डिप्रेशन होतं. मला त्यातला आणखी एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, गंभीर डिप्रेशन तीन महिन्यांनी ११ टक्के होतं ते वर्षाने ३३ टक्के झालं. म्हणजे सुरुवातीला हॉस्पिटल, फिजिओ, येणारे जाणारे या गडबडीत माणूस तरून जातो, आणि नंतर सगळं शांत झाल्यावर खोलवर जातो. तुमचा सातवा महिना चालू आहे. आणि कॅनडात ओंटारियोमध्ये हॉस्पिटलांच्या दीर्घकाळ देखभालीच्या विभागांतल्या ६६ हजारांवर लोकांचा डेटा बघितला होता, २०१० मध्ये छापून आलं, त्यात जगण्याच्या दर्जावर सगळ्यात वाईट परिणाम करणारा आजार कुठला निघाला तर अफेजिया, कॅन्सर आणि अल्झायमर त्याच्या खाली. लोकांना हे सांगितलं की पटत नाही, कारण वरून तर माणूस धडधाकट दिसतो, चालतोय, खातोय.

मग हे डॉक्टरांच्या नजरेतून सुटतं कसं? साधं आहे, डिप्रेशन ओळखायची आपली सगळी पद्धत बोलण्यावर. ओपीडीत पेशंट बसला, डॉक्टर विचारतात आजोबा, मन कसं आहे, बरं वाटतं का, बाबा म्हणतात "हो हो". संपलं, केसपेपरवर लिहिलं मूड ठीक. अफेजियात "हो" वर विश्वास ठेवायचा नसतो, कितीतरी लोक नाही म्हणायचं असतानाही हो म्हणतात, तोंडातून तेच निघतं. म्हणून आम्ही वागणं बघतो. घरच्यांनी भरायची एक प्रश्नावली आहे, एसएडीक्यू-१०, खास अफेजियासाठी बनवलेली, त्यात पेशंटला काहीच विचारायचं नसतं. आठवड्याभरात रडले का, रात्री तळमळत होते का, नजर चुकवतात का, अंग दुखतंय असं दाखवतात का, चिडतात का, चार लोकांत यायला नको म्हणतात का, चुळबुळ करतात का, काही न करता नुसते बसून असतात का, दिवसात स्वतःला कशात तरी गुंतवतात का, असं. तुम्ही एक साधी वही करा आणि आठ दिवस हेच लिहा, तारीख टाकून, रात्री किती वाजता उठले, जेवण किती पोळ्या, कोण आलं तेव्हा तोंड फिरवलं. मानसोपचारतज्ज्ञांना ही वही दहा मिनिटांच्या गप्पांपेक्षा कितीतरी जास्त सांगते. बाबांना स्वतःला विचारायचं असेल तर चेहऱ्यांची चित्रं उभ्या रांगेत काढा, वर हसरा, मध्ये साधा, खाली रडका, आणि बोट ठेवायला सांगा. उभ्याच रांगेत, कारण झटक्यानंतर काहींना एका बाजूचं नीट दिसत नाही किंवा तिकडे लक्षच जात नाही.

डिप्रेशनसारखं दिसणारं पण वेगळं असलेलं बरंच काही असतं, ते डॉक्टरांनी बघायला हवं. एक म्हणजे एकदम रडू फुटणं, टीव्हीवर लग्न लागलं तरी रडू, नातू हसला तरी रडू, आणि अर्ध्या मिनिटात बंद. ते मेंदूच्या इजेमुळे ब्रेक सुटल्याचं रडणं असू शकतं, आत तेवढं दुःख असेलच असं नाही, त्यालाही औषध आहे. दुसरं थकवा, झटक्यानंतरचा थकवा भयंकर असतो, अंघोळ करून आले की तासभर पडावंसं वाटतं. लकवा मारलेल्या बाजूचा खांदा दुखत असतो आणि सांगता येत नाही म्हणून माणूस हात लावू देत नाही, थेरपीला नको म्हणतो. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सोडियम या रक्ततपासण्या करून घ्या. आणि फिट येऊ नये म्हणून लेवेटिरासिटॅम चालू असेल तर ते नक्की सांगा, काही लोक त्या गोळीवर चिडचिडे आणि उदास होतात, डॉक्टर बदलून देऊ शकतात. स्वतः बंद करू नका मात्र, फिट येऊ शकते.

गोळ्यांबद्दल तुम्ही घाबरत घाबरत विचारलंय, सवय लागेल का वगैरे. डिप्रेशनच्या आत्ताच्या नेहमीच्या गोळ्या, सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम या गटातल्या, त्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण एकदम सोडायच्या नसतात, आणि फरक पडायला दोन ते सहा आठवडे जातात. लोक पाचव्या दिवशी म्हणतात काही उपयोग नाही आणि बंद करतात. वयस्कर माणसात सोडियम खाली जाऊ शकतं, म्हणून सुरू केल्यावर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, एकदम गुंगी किंवा गोंधळ वाटला तर लगेच. रक्त पातळ करायची गोळी बहुतेकदा चालू असते अशा पेशंटला, दोन्हीने मिळून रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवा, चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवण्यापेक्षा ते बरं. आणि एक, कोणी सांगेल की ही गोळी झटक्यानंतर ताकद यायला सगळ्यांनाच देतात. ब्रिटनमध्ये ३१२७ पेशंटवर फ्लुओक्झेटिनची (याच गटातली गोळी) मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, रोजच्या कामाच्या क्षमतेत काही फायदा दिसला नाही, नवीन डिप्रेशन थोडं कमी झालं पण हाडं मोडायचं प्रमाण वाढलं. म्हणजे डिप्रेशन असेल तर गोळी, टॉनिक म्हणून नाही.

पण नुसत्या गोळीने हे काम होत नाही, आणि इथे माझं मत जरा जास्त ठाम आहे. वाचा गेलेला माणूस शब्दांपेक्षा माणसं गमावल्याने जास्त खचतो. बघा ना, बाबांसमोर कोणी पाहुणा आला की तो तुम्हाला विचारतो, "कसे आहेत आता?" बाबा समोर खुर्चीत बसलेत, आणि चर्चा त्यांच्या मोशनपासून पेन्शनपर्यंत डोक्यावरून चाललीय. मग कोणीतरी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं विचारतं, "ओळखलं का मला? नाव सांगा बरं माझं?" हा प्रश्न घरात कायमचा बंद करा. शब्द सापडत नाही हाच तर आजार आहे, आणि आपण चार लोकांसमोर त्याचीच परीक्षा घेतो. बरेच जण यानंतर पाहुण्यांसमोर यायचंच बंद करतात.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. प्रभादेवीकडचे एक गृहस्थ, बँकेत होते, झटक्यानंतर जेवण सोडल्यासारखंच झालेलं. बायको रोज विचारायची भाजी कुठली करू, मेथी करू का? हो. वांगं करू? हो. मग ती तिच्या मनाने करायची आणि ते ताट सरकवायचे, रोज भांडण. आम्ही सांगितलं विचारू नका, दाखवा. दुसऱ्या दिवशी तिने मेथीची जुडी आणि दोन वांगी ओट्यावरून आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि गप्प उभी राहिली, हे सगळ्यात अवघड असतं बरं, गप्प उभं राहणं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग डाव्या हाताने वांगी उचलली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. म्हणजे आठवडाभर ते वांग्यालाच नाही म्हणत होते. त्या दिवशी जेवले. यात थेरपीचं काही मोठं तंत्र नाही, पण घरातला एक निर्णय त्यांनी घेतला होता, महिन्यांनी पहिल्यांदा.

तुमच्याकडे हेच करायचं. छोटी वाक्यं, एका वेळी एकच विषय, आवाज नॉर्मल (कानाने ऐकू येतंय हो त्यांना), टीव्ही बंद करून. वन बीएचकेत पलंग हॉलमध्ये आणि टीव्ही सकाळपासून चालू, हे मी घराघरात बघते, त्यात अफेजियावाल्या माणसाला एक वाक्य पकडता येत नाही. कागदावर दोन पर्याय मोठ्या अक्षरात लिहा किंवा चित्र काढा, चहा / कॉफी, आज / उद्या, आणि बोट ठेवायला द्या. उत्तर आलं की परत विचारून पक्कं करा, "म्हणजे उद्या जायचं, बरोबर?" आणि अंगठा वर की खाली ते बघा. थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपण मुंबईकरांना थांबता येत नाही हा मोठाच प्रॉब्लेम आहे. भाषेचंही बघा, आयुष्यभर बसमध्ये हिंदी बोललेले आहेत, कधीकधी मराठी अडकते तिथे हिंदी शब्द येतो, येऊ द्या, "मराठीत बोला" असं कोणी म्हणू नये.

पुढचं म्हणजे दिवसात काहीतरी करायला असणं. ब्रिटनमध्ये १०५ लोकांवर एक प्रयोग झाला होता, २०१३ मध्ये छापला, अफेजिया आणि उदासी दोन्ही असलेले लोक, त्यांना बोलून समुपदेशन करण्याऐवजी आवडीच्या गोष्टी हळूहळू परत सुरू करून दिल्या, छोटे छोटे तुकडे करून, आणि सहा महिन्यांनी मूडमध्ये फरक दिसला. तर बाबा झटक्याआधी काय करायचे ते आठवा. डेपोतला ग्रुप होता का? त्यातल्या एका माणसाला, सगळ्यांना नाही, एकालाच बोलवा आणि आधी फोनवर ट्रेनिंग द्या, की तुम्ही बोला, प्रश्न विचारू नका, डेपोचे जुने फोटो आणा, वीस मिनिटांत उठा. भजनाला जायचे का? गाण्याचे शब्द बोलण्यापेक्षा सोपे जातात, वाक्य न येणारा माणूस अभंग टाळ वाजवत अर्धा म्हणतो, एका हाताने टाळ कसा वाजवायचा हे भजनी मंडळीच शोधून काढतात. आपल्या लोकलच्या डब्यातल्या भजनवाल्यांनी असा एखादा रिटायर्ड माणूस रविवारी घरी येऊन सामील करून घेतलेला मी पाहिलाय. सोसायटीच्या बाकावर न्यायचं असेल तर सकाळी लवकर, गर्दी नसताना. खिशात एक कार्ड ठेवा: "मला झटक्यामुळे बोलता येत नाही. मला समजतं. थोडा वेळ द्या." आणि कंडक्टर होते ना, सुटे पैसे मोजायचं काम त्यांना द्या, दूधवाल्याचा हिशोब त्यांच्यासमोर करा. चुकलं तर चुकू दे, पाच रुपयांनी काही होत नाही.

बोलणं येईल का. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे खोटं. २०१७ मध्ये छापून आलेली जर्मनीतली एक चाचणी अशा १५६ लोकांवर झाली ज्यांना झटका येऊन सहा महिन्यांच्या वर झाले होते, तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली, आणि बोलण्यात नोंद घेण्यासारखी सुधारणा झाली. आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास मिळतो, म्हणून उरलेलं घरी करावं लागतं आणि त्यासाठीच मन जागेवर हवं. पूर्वीसारखं बोलतील असं वचन मी देणार नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरून अफेजिया बऱ्यापैकी गंभीर वाटतो. पण बोट दाखवून, चित्रांनी, चार-पाच शब्दांनी माणूस स्वतःचं आयुष्य चालवू शकतो. परवडायचा प्रश्न असेल तर नायर हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपीचा विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे, भांडुपहून लांब पडतं हे मान्य, पण आधी एकदा नीट असेसमेंट करून घ्या आणि घरचा प्रोग्राम लिहून मागा. थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की मूड खाली आहे, म्हणजे ती अवघड शब्दांच्या यादीने सुरुवात करणार नाही.

हे लोक सांगत नाहीत म्हणून लिहिते: २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व धरलंय आणि त्यात अफेजियाचं नाव स्पष्ट आहे, पायाच्या टक्केवारीबरोबर त्याचंही असेसमेंट मागा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) त्यावर निघतं. बँकेत सही जुळत नाही म्हणून अडवत असतील तर आजारी माणसाला दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाबांना बरोबर न्या, त्यांच्या पैशाचा व्यवहार त्यांच्या पाठीमागे करू नका, यावरून पण माणसं खचतात.

आता धोक्याचं. जेवण आणि गोळ्या पूर्णच बंद, गोळ्या उशीखाली साठवणं, गळ्याकडे किंवा खिडकीकडे हात दाखवणं, सारखं वर बोट दाखवणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सायन, केईएम, नायर कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि तोपर्यंत एकटं ठेवू नका. "जगावंसं वाटत नाही का?" हे थेट विचारा, अंगठा वर-खाली करून उत्तर घ्या, विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही. गोळ्यांचा डबा तुमच्याकडे ठेवा. आणि बोलणं, चालणं किंवा चेहरा अचानक बिघडला, तासाभरात, तर ते डिप्रेशन नाही, दुसरा झटका असू शकतो, १०८ ला फोन.

तुमचं स्वतःचं काय, हे तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. नोकरी, मुलगा, सासूबाई आणि हे. टेली-मानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फ्री नंबर आहे, मराठीत बोलतात, बाबांना त्याचा उपयोग नाही कारण तो बोलायचा नंबर आहे, पण तुमच्यासाठी आणि सासूबाईंसाठी आहे. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तुमच्या मिस्टरांनी बाबांबरोबर बसायचं, ऑफिस लांब आहे हे कारण चालणार नाही.

नातवाचं विचारलंत, तो घाबरतो म्हणून. त्याला बोलायला लावू नका, दोघांनाही नको. कॅरम काढा, बाबा डाव्या हाताने मारतील, पहिले काही दिवस स्ट्रायकर बोर्डाच्या बाहेर जाईल. तो हरवेल त्यांना, हरवू दे, मुद्दाम जिंकवायला सांगू नका, त्यांना ते लगेच कळेल. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना वही, गोळ्यांची पिशवी, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि बाबा, हे चारही बरोबर न्या, आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर म्हणा, "डॉक्टर, त्यांना समजतं, त्यांनाच विचारा, मी मदत करते."